पाठीवरचा आकडा, छातीवरचं नाव

मुलांनो, तुमच्या घरात एक निळा शर्ट नक्की असेल. तुमचा नसेल तर दादाचा असेल, दादाचा नसेल तर शेजारच्या ताईचा असेल. छातीवर आपल्या देशाचं नाव, डाव्या बाजूला गोल चिन्ह, पाठीवर एखादा आकडा. तो शर्ट अंगात घातला की गल्लीतला सामनासुद्धा एकदम मोठा वाटायला लागतो. हो ना?

पण तो शर्ट कधी नीट न्याहाळून पाहिला आहे का? तो निळाच का? ते गोल चिन्ह कुणाचं? पाठीवर आकडा कशासाठी? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, अकरा जणांनी एकसारखा शर्ट घातला की ते खरंच एक होतात का?

हे प्रश्न माझे नाहीत, बरं का. अकोल्याच्या जुन्या शहरात मी शिकवते, तिथल्या सातवीच्या मुलामुलींचे आहेत. शाळेच्या क्रिकेट संघासाठी शर्ट शिवायचे ठरले आणि प्रश्नांचा पाऊस सुरू झाला. उत्तरं शोधता शोधता आम्हाला जे सापडलं, ते आज तुम्हाला सांगते.

पहिला प्रश्न एका फोटोवरून निघाला. हातात विश्वचषक घेतलेला कपिल देव! वर्गातला एक मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, यानं पांढरा शर्ट काऊन घातला? कप तं वन डेचा हाय!’’

प्रश्न अगदी बरोबर होता. २५ जून १९८३ रोजी लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर भारताने वेस्ट इंडिजला ४३ धावांनी हरवलं, तेव्हा दोन्ही संघ पांढऱ्या कपड्यांत होते. कारण चेंडू लाल होता आणि खेळ दिवसाउजेडी चालायचा. पांढऱ्या कपड्यांसमोर लाल चेंडू चांगला उठून दिसतो.

मग रंग कुठून आले? ऑस्ट्रेलियातल्या केरी पॅकर नावाच्या एका दूरचित्रवाणी कंपनीच्या मालकाने १९७७ मध्ये स्वतःची वेगळी स्पर्धा सुरू केली. लोक कामावरून घरी आल्यावर सामना पाहतील, म्हणून त्याने रात्री, दिव्यांच्या झोतात सामने भरवले. रात्री लाल चेंडू नीट दिसेना, म्हणून चेंडू पांढरा केला. आता पांढरा चेंडू पांढऱ्या कपड्यांत हरवून जाणार! म्हणून कपडे रंगीत केले. जानेवारी १९७९ मध्ये सिडनीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाचे खेळाडू पिवळ्या आणि वेस्ट इंडिजचे खेळाडू गुलाबी कपड्यांत उतरले. लोक हसले म्हणे. पण दिवा लागला, चेंडू बदलला आणि चेंडूमागे कपडेही बदलले.

आपला संघ निळ्या कपड्यांत खूप गाजला तो १९८५ मध्ये. मेलबर्नला पाकिस्तानविरुद्धचा अंतिम सामना जिंकल्यावर मुंबईच्या रवी शास्त्रीला बक्षीस म्हणून मोटार मिळाली आणि आपले निळ्या शर्टातले खेळाडू तिच्यावर चढून बसले. विश्वचषकात मात्र रंग यायला १९९२ साल उजाडलं. त्या वर्षी चेंडू पांढरा, कपडे रंगीत आणि पाठीवर खेळाडूंची नावं. आपला शर्ट गडद निळा होता. १९९६ मध्ये तो फिकट आकाशी झाला. त्यानंतर निळ्याच्या कितीतरी छटा येऊन गेल्या. एकदा तर, ३० जून २०१९ रोजी, आपले खेळाडू चक्क केशरी रंगात खेळले, कारण समोरचा इंग्लंडचा संघही निळाच होता. तो सामना आपण हरलो, पण त्यात बिचाऱ्या रंगाचा काय दोष!

आता चिन्हाकडे या. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना १९२८ मध्ये झाली. मंडळाच्या चिन्हाच्या मधोमध एक तारा आहे आणि त्याच्याभोवती किरण. हाच तारा दुसऱ्या एका ठिकाणीही सापडतो. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने १८६१ मध्ये ‘स्टार ऑफ इंडिया’ नावाचा एक मोठा किताब सुरू केला. इंग्रज सरकार तो आपल्या बड्या अधिकाऱ्यांना आणि मर्जीतल्या राजेमहाराजांना द्यायचं. त्या किताबाचं पदक आणि मंडळाचं चिन्ह शेजारी शेजारी ठेवून पाहा, सारखेपणा डोळ्यांत भरतो. इंग्रज गेले, तो किताबही बंद झाला. तारा मात्र खेळाडूंच्या छातीवर राहिला.

‘‘म्हणजे आपला शर्ट इंग्रजांचा?’’ वर्गातल्या एका मुलीने रागारागाने विचारलं.

मी तिला म्हटलं, ‘‘उत्तर द्यायची घाई नको. आधी तो शर्ट घालणारी माणसं पाहू.’’

आणि इथेच, मुलांनो, गोष्ट खरी सुरू होते.

तुम्हाला ऐकून नवल वाटेल, पण एके काळी मुंबईत क्रिकेटचे संघ धर्मावरून पडायचे. आधी युरोपियन विरुद्ध पारशी असा सामना व्हायचा. १९०७ मध्ये त्यात हिंदूंचा संघ आला, १९१२ मध्ये मुसलमानांचा. १९३७ पासून उरलेल्या सगळ्यांचा मिळून पाचवा संघ झाला. त्याचं नावच होतं ‘द रेस्ट’, म्हणजे ‘बाकीचे’! त्या ‘बाकीच्यां’कडून आपल्या सांगलीचे विजय हजारे खेळायचे. १९४३ च्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. त्यांचे भाऊ विवेक यांनी दुसऱ्या बाजूने खिंड लढवली. दोघांनी मिळून ३०० धावांची भागी केली, त्यात विवेकच्या धावा फक्त २१!

सगळ्या संघांचे कपडे पांढरेच. पण कोण कुणाकडून खेळणार, हे जन्मावरून ठरायचं.

आणि एकाच संघात असलेल्यांचं तरी काय? पळवणकर बाळू यांचं नाव तुम्ही ऐकलं आहे का? डाव्या हाताने फिरकी टाकणारे फार मोठे गोलंदाज. त्यांचा जन्म तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या चांभार कुटुंबात झाला. पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात ते मैदान राखायचं काम करत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत. त्यांचा हात पाहून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळायला घेतलं. मैदानात त्यांनी घेतलेल्या बळींवर सगळा संघ टाळ्या वाजवायचा. पण चहाची सुट्टी झाली की बाकीचे दहा जण आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. पिऊन झालं की ते भांडं फेकून द्यायचं!

कपडे तेच. चेंडू तोच. कप मात्र वेगळा.

१९११ मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. एवढा मोठा पराक्रम करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. पुढे १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले. दहा माणसांच्या मनात बसलेली गोष्ट बदलायला इतकी वर्षं लागली.

मी हे सांगत होते तेव्हा आमचा वर्ग अगदी चिडीचूप होता. का, ते पुढे सांगते.

त्यानंतर आलं १९३२ साल. तारीख पुन्हा २५ जून, मैदान पुन्हा लॉर्ड्स! काय योगायोग आहे पाहा. भारत आपला पहिला कसोटी सामना खेळायला उतरला. कर्णधार होते आपल्या विदर्भातले, नागपूरला जन्मलेले सी. के. नायडू. पुणे भागातले जनार्दन नवले सलामीला आले. मोहम्मद निसारने सुरुवातीलाच इंग्लंडचे गडी उडवले आणि तीन बाद १९ अशी त्यांची अवस्था झाली. कोलाह आणि पालिया पारशी, वझीर अली आणि नझीर अली सख्खे भाऊ, लाल सिंग मलायातून आलेले शीख. सामना आपण हरलो. पण मुंबईत जे वेगवेगळ्या संघांतून एकमेकांविरुद्ध खेळले असते, ते त्या दिवशी एकाच संघात होते.

म्हणून मी त्या रागावलेल्या मुलीला म्हटलं, ‘‘चिन्ह कुणी दिलं हा एक प्रश्न. त्याच्याखाली कोण कोण उभं राहिलं, हा दुसरा.’’ तिचं समाधान झालं नाही. ‘‘तरी पण मॅडम, बदलाले पाह्यजे,’’ ती म्हणाली. तिचं म्हणणं मला आवडलं. तुम्हाला काय वाटतं?

मुंबईतले ते धर्मावरचे सामने मात्र लगेच थांबले नाहीत. गांधीजींनी १९४० मध्ये त्यांच्याविरुद्ध मत दिलं. अखेर १९४६ मध्ये ते बंद झाले.

चिन्ह बदलण्यावरून मला एक लांबची गोष्ट आठवली. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्या क्रिकेटचा लांबचा चुलतभाऊच म्हणा ना! तिथल्या संघांना आपल्या कपड्यांचं इतकं वेड की काही संघांची नावंच पायमोज्यांवरून पडली आहेत. बॉस्टनचा ‘रेड सॉक्स’, म्हणजे लाल मोजेवाले. शिकागोचा ‘व्हाइट सॉक्स’, म्हणजे पांढरे मोजेवाले. तिथला उघडपणे पगार घेऊन खेळणारा पहिला संघसुद्धा सिनसिनाटीचा ‘रेड स्टॉकिंग्ज’ होता, १८६९ सालचा.

तर अशाच एका संघाने, क्लीव्हलंडच्या संघाने, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं एक हास्यचित्र आपलं चिन्ह म्हणून लावलं होतं. लालभडक चेहरा, मोठे दात, डोक्यावर पीस. प्रेक्षकांना गंमत वाटायची. पण ज्यांच्या चेहऱ्याची ती चेष्टा होती, त्यांना काय वाटत असेल? ते लोक वर्षानुवर्षं तक्रार करत राहिले. शेवटी २०१९ पासून ते चित्र खेळाडूंच्या कपड्यांवरून गेलं आणि २०२२ पासून संघाने नावही बदललं. चिन्ह निवडताना हे ध्यानात ठेवायला हवं. आपल्याला गंमत वाटते, पण दुसऱ्या कुणाला ते बोचत तर नाही ना?

पाठीवरचे आकडेही बेसबॉलनेच लोकप्रिय केले. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने १९२९ मध्ये खेळाडूंच्या पाठीवर कायमचे आकडे लावले. आकडा कुणाला कुठला? सोपं होतं. जो तिसरा फलंदाजीला येतो त्याला ३, चौथा येतो त्याला ४. बेब रूथ ३ आणि लू गेरिग ४. गेरिग १९३९ मध्ये गंभीर आजारामुळे खेळ सोडून गेला आणि संघाने ठरवलं, ४ आकडा यापुढे कुणालाच द्यायचा नाही.

आपल्याकडे विश्वचषकात पाठीवर आकडे आले १९९९ मध्ये. सचिन तेंडुलकरचा १० तर तुम्हाला पाठच असेल. २०१७ मध्ये पालघरच्या शार्दूल ठाकूरने १० आकड्याचा शर्ट घातला तेव्हा लोक त्याच्यावर इतके रागावले की पुढे त्याने ५४ घेतला. मग तो १० मंडळाने कुणालाच दिला नाही. कसोटीचे कपडे पांढरेच राहिले, पण २०१९ पासून त्यांवरही नाव आणि आकडा आला.

पण आकड्याची सगळ्यांत सुंदर गोष्ट आहे ती ४२ ची.

अमेरिकेत बराच काळ मोठ्या बेसबॉल संघांत काळ्या माणसांना घेतच नसत. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाकडून मैदानात उतरला. पाठीवर ४२. प्रेक्षकांतून शिव्या आल्या. आपल्याच संघातले काही जण त्याच्याबरोबर खेळायला तयार नव्हते. काही हॉटेलांनी त्याला खोली दिली नाही. कपडे सगळ्यांसारखे, वागणूक वेगळी. आपल्या बाळूंची आठवण झाली ना?

रॉबिन्सन खेळत राहिला. १९९७ मध्ये ४२ हा आकडा सगळ्याच मोठ्या संघांनी बाजूला ठेवला. आणि २००९ पासून एक नवी रीत पडली. दर वर्षी १५ एप्रिलला सगळ्या संघांचे सगळे खेळाडू पाठीवर ४२ लावून खेळतात. गोरे, काळे, जपानहून आलेले, मेक्सिकोहून आलेले, सगळे ४२! ज्याला एकट्याला उभं केलं होतं, त्याच्या आकड्याखाली सगळे उभे राहतात.

आता आमच्या वर्गात या.

तुम्ही अकोल्याला आला नसाल तर सांगते, आमचं जुनं शहर मोर्णा नदीच्या काठाशी आहे. असदगड किल्ला इथेच, राजराजेश्वराचं देऊळही इथेच. श्रावणात शेवटच्या सोमवारी कावडयात्रा निघते. गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी कावडीने आणून राजेश्वराला वाहतात. प्रत्येक मंडळाचे पोरं एका रंगाच्या शर्टात. चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक निळ्या रंगात न्हालेली असते. ईदच्या जुलूसात हिरवे झेंडे असतात. त्यामुळे शर्टाचा रंग ठरवायला बसलो, तेव्हा एका मुलाने फार शहाणपणाचं वाक्य उच्चारलं. ‘‘मॅडम, आपल्या गावात सारे रंग वाटून झाले!’’

हसू नका, गोष्ट खरी होती. ज्याने जो रंग सुचवला, त्यावर कुणीतरी म्हणायचं, हा तर त्यांचा.

आणि त्याच आठवड्यात सरावाच्या वेळी एक प्रसंग घडला. एका मुलाची पाण्याची बाटली संपली. दुसऱ्याने आपली पुढे केली. त्याने मान हलवली, घेतली नाही. उन्हात तोंड सुकलं होतं, तरी घेतली नाही. मी विचारलं तर हळूच म्हणाला, ‘‘मायनं सांगतलं हाय, मॅडम, दुसऱ्याच्या बाटलीचं पेयाचं नाही.’’ कोण मुलगा, कुठल्या घरचा, हे मी तुम्हाला सांगणार नाही. आईने स्वच्छतेसाठीही तसं सांगितलं असेल. पण बाटली पुढे करणाऱ्या मुलाचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. इतर वेळी हाच मुलगा दुसऱ्यांच्या बाटल्या बिनदिक्कत तोंडाला लावत होता, हे वर्गाला ठाऊक होतं.

मी रागावले नाही. दुसऱ्या दिवशी बाळूंची गोष्ट सांगितली, तीच मघा तुम्हाला सांगितलेली. म्हणून तो वर्ग तेव्हा इतका शांत होता.

नंतर मी त्यांना एवढंच म्हटलं, ‘‘शर्टाचं तुम्ही ठरवा. पण फक्त रंग ठरवू नका. तो घालणाऱ्याने कसं वागायचं, तेही ठरवा.’’

तीन दिवस नुसता गोंधळ चालला होता. पण ठरलं, आणि काय झकास ठरलं!

रंग म्हणे काळ्या मातीचा. ती सगळ्यांची आहे आणि कुठल्याच मिरवणुकीची नाही. त्यावर एकजण म्हणाली, ‘‘काळा रंग ऊन ओढते, अकोल्याचं ऊन मायीत हाय ना!’’ विज्ञानाचा धडा असा उपयोगी पडला. शेवटी शर्ट छापणाऱ्यांकडे जो कॉफीसारखा मातकट रंग मिळाला, तो घेतला. डाग दिसत नाहीत म्हणून घरोघरच्या आयाही खूश.

चिन्ह म्हणून कुणी किल्ला सुचवला, कुणी वाघ, कुणी वीज. एका मुलीने फळ्यावर कापसाचं फुटलेलं बोंड काढलं. तिची आई हंगामात कापूस वेचायला जाते. वऱ्हाडचं पांढरं सोनं! वर्गातल्या निम्म्या घरांचा कापसाशी काही ना काही संबंध निघाला. कुणाचे वडील जिनिंगमध्ये, कुणाचे मामा शेतात, कुणाचे आजोबा गाद्या भरणारे. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘हे तं चांदणीवानी दिसते!’’ खरंच, फुटलेलं बोंड लांबून ताऱ्यासारखंच दिसतं. फक्त हा तारा कुणी राणीने दिलेला नव्हता.

आकड्यांवरून मात्र मोठं भांडण झालं. १८ आकड्यावर एक मुलगा आणि एक मुलगी दोघेही अडून बसले. तो म्हणे विराट कोहलीचा, ती म्हणे आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाचा. दोघांचंही खरं! २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या मुलींचा आवाज तसाही चढलेला. आणि तो चढावाच! १९७३ मध्ये मुलींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली, तेव्हा संघ होते फक्त तीन. त्यांचा कारभार क्रिकेट मंडळाकडे यायला २००६ साल उजाडलं. एकाच चिन्हाखाली उभं राहायला त्यांनाही वाट पाहावी लागलीच.

भांडण मिटवलं यांकीजच्या युक्तीने. त्यांनी फलंदाजीचा क्रम लावला, आमच्या पोरांनी हजेरीपटावरचा क्रमांक! त्यामुळे आमचा सलामीचा फलंदाज ३१ आहे आणि यष्टिरक्षक मुलगी ७. धोनीचा ७ तिला आपोआप मिळाला, म्हणून ती दिवसभर उड्या मारत होती.

पैशांचं काय? चौकातले एक किराणा दुकानदार काका म्हणाले, ‘‘शर्ट मी देतो, छातीवर दुकानाचं नाव घाला.’’ मुलं विचारात पडली. भारतीय संघाच्या छातीवर किती नावं येऊन गेली, हे आम्ही तोवर वाचलं होतं. १९९० च्या दशकात विल्स हे सिगारेटचं नाव होतं. सहारा, स्टार, ओप्पो, बायजूज, ड्रीम ११, एकामागून एक आली आणि गेली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आली, तेव्हा ड्रीम ११ चं नावही उतरलं आणि सप्टेंबरमधला आशिया चषक आपला संघ कुठल्याच प्रायोजकाच्या नावाशिवाय खेळला. शिवाय विश्वचषकात नियमच आहे, छातीवर देशाचं नाव आणि जाहिरात बाहीवर. मुलांनी काकांना तोच नियम वाचून दाखवला. ‘‘काका, छातीवर शाळा, बाहीवर तुमचं दुकान.’’ काका पोटभर हसले आणि कबूल झाले.

शेवटी शर्टाचे नियम. मुलांनी ते आपल्या अक्षरात लिहून वर्गात लावले आहेत. नियम तीनच. हरल्यावर शर्ट काढून फेकायचा नाही. झेल सुटला म्हणून कुणाला घरावरून, आडनावावरून बोलायचं नाही. आणि ज्याच्या अंगात हा शर्ट आहे, त्याचं पाणी सगळ्यांचं. स्वच्छतेसाठी बाटली तोंडाला न लावता वरून प्यायची, पण सगळ्यांनीच तशी प्यायची.

तो बाटली नाकारणारा मुलगा? त्याच्या घरी काय बोलणं झालं, मला माहीत नाही. पहिल्या सामन्यात तो पाणी प्यायला, वरून, धार धरून. अर्धं पाणी सांडलं शर्टावर. सामना आम्ही हरलो, पण शर्ट कुणी फेकला नाही.

तर मुलांनो, तुमच्याकडचा तो निळा शर्ट आज कपाटातून काढा. चिन्ह पाहा. त्याच्यावर तारे असतील तर तेही मोजा, ते जिंकलेल्या विश्वचषकांचे आहेत. पुरुष संघाच्या वन डेच्या शर्टावर २०२३ मध्ये दोन तारे होते, १९८३ आणि २०११ चे. मग तुमच्या गल्लीतल्या संघाचं चिन्ह काय असावं, ते वहीत काढा. काढताना एकच गोष्ट विचारा, ज्याला आपण अजून संघात घेतलेलं नाही, त्याला हे चिन्ह आपलं वाटेल का?

आणि आईबाबांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर एक विनंती. मुलांना शर्ट घेऊन द्या, जरूर द्या. पण त्याबरोबर पाण्याची बाटली जरा मोठी द्या. दोघांना पुरेल एवढी.